एका माणसापुरता टोप

उज्वला : हा दीड लिटरचा, मावशी. दोन माणसांचा भात यात सहज होतो. वर आमटीपुरती जागा राहते.

गोदूबाई : दोन माणसांचा नको. एका माणसापुरता दाखव, बाय.

उज्वला : मग हा एक लिटरचा. पण फरक फारसा नाही. कधी कुणी पाहुणं आलं, तर मोठा बरा पडतो.

गोदूबाई : ह्या टोपातलं पाहुणा जेवायचा नाय.

उज्वला : हॉस्टेलला पाठवताय का कुणाला? आमच्याकडून हे जास्त करून हॉस्टेलचीच मुलं नेतात. मॅगी, अंडी, खिचडी, सगळं होतं. प्लग लावला की झालं.

भागोजी : हॉस्टेल-बिस्टेल काय नाय मॅडम. माझ्यासाठीच पायजे.

उज्वला : हो का काका? मुंबईला असता वाटतं.

भागोजी : व्हतो. भांडुपला वॉचमन, एकतीस वरसं एकाच बिल्डिंगला. आता रिटायर. आता पोलादपूरला ऱ्हातो.

उज्वला : आणि मावशी गावाला?

गोदूबाई : मी पन पोलादपूरलाच. ह्यांच्याच खोलीत. आमची दोघांची एकच खोली हाय, भाड्याची. आतनं काळं कशानं गो ह्ये?

उज्वला : ते कोटिंग आहे, अन्न चिकटत नाही. पण मावशी, एका खोलीत राहता, म्हणजे गॅस असेलच ना? मग हे वेगळं कशाला?

गोदूबाई : गॅस माझा हाय. टोप, कालथा, परात, समदं माझं. त्याला ह्यांनी हात लावायचा नाय. न् माझ्या हातचं ह्यांच्या ताटात जायचं नाय. म्हनून आलो. ह्ये राखेनं घासलं तर?

उज्वला : कोटिंग निघून जाईल. तारेची घासणीसुद्धा नको. मऊ फडक्यानं पुसायचं.

गोदूबाई : मग ऱ्हाऊ दे. ह्यांना मऊ हातानं काय जमत नाय. आतनं इस्टील असलेलं हाय का?

उज्वला : आहे, हे बघा. तळाला भात थोडा लागतो, पण टिकाऊ.

भागोजी : अगो, काळंवालंच मस्त हाय. आमच्या बिल्डिंगला चारशे दोनमधी एक पोरगा व्हता, त्याच्याकडं सेम पीस व्हता. दोन मिनटात नूडल...

गोदूबाई : इस्टीलचं दे, बाय. भायेरनं तापतं का?

उज्वला : ते एकेरी पत्र्याचं तापतं. हे दुहेरी आहे, बाहेरून हात लावला तरी चालतो.

गोदूबाई : दुहेरीच दे. ह्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना गरम-गार कळत नाय. बिल्डिंगच्या गेटात सापडली व्हती. भाजलं तरी समजायचं नाय, वास सुटल्यावर समजंल.

भागोजी : तुला अजून ध्यानात हाय त्ये?

गोदूबाई : दिवा कुठं लागतो ह्याचा?

उज्वला : इथे खाली, लाल. चालू असला की दिसतो.

गोदूबाई : डाव्या अंगाला हाय. ह्यांच्या डाव्या डोळ्याला दिसत नाय.

उज्वला : मग भांडं असं फिरवून ठेवायचं, काका. वायर भिंतीकडे, दिवा तुमच्या उजवीकडे. आणि समजा विसरलात, तरी भीती नाही. पाणी आटलं की हे आपोआप बंद पडतं.

गोदूबाई : आमच्याकडं सांजंला लाईट मंद असते. पंखा पन बैलगाडीवानी फिरतो. तवा चालंल?

उज्वला : चालेल. सहाशे वॉटचंच आहे, भार फार घेत नाही. भात शिजायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच. फक्त धुताना बुडाला पाणी लागू द्यायचं नाही. बूड आत गेलं, तर शॉक बसेल.

गोदूबाई : ऐकलंत? बूड बुडवायचं नाय.

भागोजी : ऐकलं.

उज्वला : मावशी, रागावू नका, एक विचारते. इतकी काळजी घेऊन निवडताय तुम्ही, आणि तरी...

गोदूबाई : काळजी नाय गो ती. म्हैनाभर एस्टी स्टँडवरचा वडापाव खाऊन ह्यांचं पोट गेलंय. उद्या खोलीत मेले, तर लोक बोलतील, बायकोनं उपाशी मारला. मला त्ये नाव नको.

उज्वला : भावाभावांत दोन चुली झालेल्या खूप बघितल्या. नवराबायकोत...

गोदूबाई : मी पन पयल्यांदाच बगते.

उज्वला : मुलगा-सून काही बोलत नाहीत?

भागोजी : पोरगा नाय मॅडम आता. एकुलता व्हता, अनिल. एकवीस सालच्या पावसात आमच्या वाडीवर डोंगर आला. सात घरं गेली. बाकीची मान्सं खालच्या शाळेत आलेली, म्हनून वाचली. तो नाय वाचला.

उज्वला : अरे देवा... त्याच पावसात हे दुकान गेलं होतं आमचं. हा पंखा दिसतो ना, त्याच्यापर्यंत पाणी. आम्ही गच्चीवर होतो. नंतर आठवडाभर मी चिखलातून मिक्सर उपसत होते आणि रडत होते. मग वरच्या गावांचं कानावर आलं, तेव्हा मिक्सरसाठी रडल्याची लाज वाटली.

गोदूबाई : लाज कसली? ज्याचं जे जातं, त्यासाठी मानूस रडतो. बाय, ह्यांना आता भात कसा लावायचा त्ये सांग. ह्यांना कायच येत नाय. मुंबईत खानावळीचा डबा, गावाला माझी चूल. मी नाय सांगनार. तू सांग.

उज्वला : सोपं आहे, काका. हा कप यातच मिळतो. एक कप तांदूळ, दोन कप पाणी. तांदूळ आधी धुवायचे. खटका इथे, या मोठ्या रेघेवर. उकळी फुटली की या बारक्या रेघेवर आणायचा. झाकण जरा तिरकं ठेवा, नाहीतर उतू जातं.

भागोजी : एकाला दोन. मोठी रेघ, मग बारकी रेघ. न् डाळ?

उज्वला : डाळ तासभर भिजवून टाका. अंडी उकडता येतील. पेज तर फारच छान होते.

भागोजी : न् भाकरी?

उज्वला : भाकरी नाही होणार यात, काका. याला तवा नाही.

भागोजी : भाकरी नाय?

गोदूबाई : नाय, सांगतेय ना ती. बांध, बाय. ह्योच बांध.

उज्वला : वॉरंटी कार्डावर नाव कुणाचं लिहू?

गोदूबाई : ह्यांचं लिव. माझं लिवू नको.

*

भागोजी : पोलादपूरची गाडी अर्ध्या तासानं हाय बोलला कंट्रोलर. बस हितं बाकड्यावर. खोका दे, मी धरतो.

गोदूबाई : तुमचाच हाय. धरा.

भागोजी : दुकानात येवढं बोलायची काय गरज व्हती? परकी बाई ती. काय वाटलं आसंल तिला?

गोदूबाई : आपल्या सुनेला तुमी भावकीत खोटारडी बोललात, तवा गरज व्हती? वर्षश्राद्धाला आलेली पोरगी. नाते गावातनं, भावाच्या घरनं, दोन गाड्या बदलून आली, नवऱ्याच्या नावानं पान वाढायला. जेवली पन नाय. पानावरनं उठून गेली सारिका.

भागोजी : तिनं तवा त्ये काढायलाच नको व्हतं.

गोदूबाई : मी रडत व्हते म्हनून काढलं तिनं. दर वरसासारखी मी बोलले, माझ्या तोंडातनं निघालं न् माझं लेकरू गेलं. तिला ऱ्हावलं नाय. ती बोलली, "आई, तुमच्यामुळं नाय गेले ते. मामांचा फोन आला व्हता." येवढंच बोलली.

भागोजी : बाप हाय मी. मुंबईत बसून जीव खालीवर व्हत व्हता. केला फोन. पावसाचं इचारलं, म्हशीचं इचारलं. बस. त्यात काय गुन्हा केला?

गोदूबाई : म्हशीचं इचारलं?

भागोजी : हां.

गोदूबाई : मग भावकीत "फोन केलाच नाय" बोललात, त्ये कशाला?

भागोजी : टेन्शनमधी बोलून गेलो.

गोदूबाई : बरं. म्हशीचं. म्हस तर सुटली व्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दावं घासटत शाळेच्या दारात येऊन उभी ऱ्हायली. म्हंजे तो गोठ्यात पोचला, न् त्यानं ती सोडली. मग तितनंच मागं फिरायचं सोडून घरात कशाला गेला?

भागोजी : मला काय ठाव? मी मुंबईला.

गोदूबाई : चवथ्या दिवशी गावला. गोठ्यात नाय गावला, माजघरात गावला. अंगाखाली पत्र्याची पेटी. काढनाऱ्या पोरांनी माझ्या पुढ्यात आणून ठेवली ती. पेटीत काय असायचं आपल्या?

भागोजी : कागद.

गोदूबाई : कसलं?

भागोजी : जमिनीचं... ती बग, गाडी आली काय.

गोदूबाई : माणगावची हाय ती. बसा. म्हस सोडायला गेलेला मानूस पेटी कशाला उचलंल? चार वरसं मी ह्योच इचार करते. तुमाला पन इचारलं. दहादा इचारलं.

भागोजी : अगो, लोक बगतात.

गोदूबाई : बगू देत. त्या सांजंला शाळेत मी त्याला काय बोलले? "अनिल, म्हस दिवसात आलीय रे, व्यायला टेकलीय, न् आपन तिला बांधूनच आलो." येवढंच बोलले. जा नाय बोलले. तो पडवीत गेला, मग आत आला, टॉवेल डोक्याला बांधला, न् बोलला, "आये, दावं सोडून येतो." मला वाटलं, माझ्या बोलन्यानं गेला.

भागोजी : तसं कोन नाय बोललं तुला कधी.

गोदूबाई : मी बोलायचे ना! रोज बोलायचे. तुमच्या म्होरं बोलायचे. तुमी काय बोलायचात?

भागोजी : देवाची मर्जी, बोलायचो.

गोदूबाई : देवाची मर्जी. त्या म्हशीला मी परत हात लावला नाय. तिला रेडकू झालं, तर त्याचं तोंड बगितलं नाय. तिच्यापायी माझा पोरगा गेला म्हनून मुक्या जनावराला शिव्या दिल्या. मग इकली. जाताना ती मागं वळून वरडत व्हती, न् मी दार लावून घेतलं.

भागोजी : झालं त्ये झालं आता.

गोदूबाई : दोनदा मी सावित्रीच्या पुलावर गेले व्हते.

भागोजी : काय बोलतेस?

गोदूबाई : दुसऱ्या येळेला चपला काढून ठेवल्या व्हत्या. एक ट्रकवाला थांबला. परमुलखातला, त्याची बोली मला कळंना. त्यानं चपला उचलून माझ्या हातात दिल्या, न् मी पूल उतरेस्तोवर गाडी हळूहळू माझ्या मागनं आनली.

भागोजी : कधीची गोष्ट?

गोदूबाई : तुमी रिटायर होऊन आलात, त्या पूस म्हैन्यातली. तुमी घरातच व्हतात. टीव्ही बगत व्हतात. मी आले, हातपाय धुतले, चाय ठेवली. तुमी प्यायलात. बोललात, साखर कमी हाय.

भागोजी : मला काय सपान पडनार व्हतं? तू सांगायला पायजे व्हतंस.

गोदूबाई : मी काय सांगायचं? सांगायचं तुझ्याकडं व्हतं! मी रातंदिस जळत व्हते, न् तू बाजूला बसून ऐकत व्हतास. एक शब्द बोलला असतास, तर मी... चार वरसं ऐकलंस तू.

भागोजी : गोदू...

गोदूबाई : उठा. गाडी लागली.

*

भागोजी : एकाला दोन, बोलली ना ती?

गोदूबाई : मला इचारू नका.

भागोजी : नाय इचारत. माझं मीच बोलतोय. तांदूळ धुतलं. पानी घातलं. वायर भिंतीकडं, दिवा उजवीकडं. लागला दिवा. तुझी भाकरी झाली?

गोदूबाई : झाली.

भागोजी : वास येतोय मस्त.

गोदूबाई : येऊ दे.

भागोजी : तू तिकडं तोंड करून जेवनार?

गोदूबाई : हां.

भागोजी : कर. तुझी पाठ असली तर बरंच हाय. तोंडावर माझ्यानं बोलवायचं नाय... गोदू, मी त्याला म्हशीचं इचारलं नव्हतं. म्हशीचा इषय मी काढलाच नाय फोनवर. स्टँडवर पन मी तुला खोटं बोललो.

गोदूबाई : मग काय बोललात? पयल्यापासनं सांगा. एक पन शब्द गाळू नका.

भागोजी : मी ड्युटीवर व्हतो. बिल्डिंगच्या गेटात पानी साचलं व्हतं. आपल्या वाडीतला भिकू तितं आलेला, त्यानं सांगितलं, गाव खाली शाळेत गेलाय. मी अनिलला फोन लावला. तो बोलला, "आबा, आमी समदी शाळेत हाय, टेन्शन घेऊ नका." मी बोललो, पेटी घेतलीस?

गोदूबाई : म्होरं.

भागोजी : तो बोलला, "नाय आबा, घाईत निघालो. डोंगरातनं आवाज येतोय, चिखल येतोय वरनं." मी बोललो, डोंगर काय आज हाय काय? माझ्या आज्यापासनं हाय तितंच हाय. मी बोललो, पेटी पान्यात गेली तर जमिनीचा एक कागद ऱ्हानार नाय, चुलता समदं घशात घालंल.

गोदूबाई : म्होरं.

भागोजी : बोलू दे जरा... मी बोललो, बायकांत बसलायस काय जाऊन? तीस वरसाचा बाप्या तू. बायकांत बसून ऱ्हा न् बापाची जमीन जाऊ दे. असं बोललो.

गोदूबाई : बायकांत बसलायस.

भागोजी : हां.

गोदूबाई : मी व्हते त्या बायकांत. सारिका व्हती. त्याला आमच्यात बसायची लाज घातलीत तुमी.

भागोजी : हां.

गोदूबाई : तो काय बोलला?

भागोजी : "बरं आबा" बोलला.

गोदूबाई : रागानं बोलला?

भागोजी : नाय. नेहमीगतच. दुकानातनं काय आनायला सांगितलं की बोलायचा ना, तसं. बरं आबा. मग बोलला, "आयेला सांगू नका. ती जाऊ द्यायची नाय. मी तिला म्हशीचं सांगतो."

गोदूबाई : त्यानं सांगितलं, आयेला सांगू नका?

भागोजी : देवाशपथ. म्हनून मी पयल्यांदा बोललो नाय. पोराचा शेवटचा शब्द व्हता तो. मग तू बोलायला लागलीस, माझ्या तोंडातनं गेलं, माझ्या तोंडातनं गेलं. मी बोललो, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. मग कसं सांगायचं त्येच समजंना.

गोदूबाई : त्यानं तासापुरतं सांगितलं व्हतं. म्हस सोडून, पेटी घेऊन परत येईस्तोवर. तुमी चार वरसं धरून बसलात.

भागोजी : भ्यालो मी. बिल्डिंगमधी चोर शिरला तर पुढं जायचो, कधी भ्यालो नाय. तुला सांगायला भ्यालो.

गोदूबाई : उतू जातोय तुमचा भात. खटका बारक्या रेघेवर आना.

भागोजी : आनला.

गोदूबाई : झाकन तिरकं करा. त्या दोन बोटांनी नको. डाव्या हातानं.

भागोजी : केलं... माफ कर असं मी बोलत नाय तुला.

गोदूबाई : बोलू पन नका.

भागोजी : पन येक इचारतो. आता समदं सांगितलं. कायच शिल्लक ठेवलं नाय. आता परत माझं ताट वाढशील?

गोदूबाई : नाय.

भागोजी : कधीच नाय?

गोदूबाई : ह्ये हात तुमच्यासाठी उठत नाय. मी राग धरून बसले, असं नाय. सकाळी पीठ मळायला घेते, तुमचा गोळा काढते न् बोटं तितंच थांबतात. मी काय करू त्यांना?

भागोजी : बरं.

गोदूबाई : बरं नका बोलू. तो शब्द नका बोलू माझ्या म्होरं.

भागोजी : नाय बोलत.

गोदूबाई : जेवायच्या आधी सारिकाला फोन लावा.

भागोजी : आत्ताच?

गोदूबाई : आत्ता. सांजची ती भावाच्या पोरांना घेऊन बसलेली असते, उचलंल. मला जे सांगितलंत, त्ये तिला सांगा. भावकीत कसं सांगायचं, त्ये मागनं बगू.

(भागोजी फोन लावतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

भागोजी : हॅलो... सारिका, मी मामा बोलतोय. पोलादपूरवरनं... ठेवू नको. ठेवू नको गो पोरी, येक मिनिट ऐक. तू त्या दिवशी बोललीस, त्ये खरं व्हतं. मी फोन केला व्हता अनिलला... हां... मीच सांगितलं त्याला पेटी आनायला. तू खोटं नाय बोललीस. खोटा मी... तू तवा पडवीत व्हतीस? मग ऐकलंस तू समदं? ... चार वरसं? ... नाय बोललीस कुनाला. का नाय बोललीस गो? ... हां... हां, समजलं... नाय, हिनं बळजबरी नाय केली. मीच बोललो आज... हाय ना, हितंच हाय. देतो.

गोदूबाई : आना... सारे, मी बोलते. रडू नको. ऐक, रडू नको गो... तू त्यांना सासरा समजून गप ऱ्हायलीस, मला ठाव हाय. माझा राग नाय तुझ्यावर. आधी आला व्हता, श्राद्धावरनं घरी आल्यावर. बोलले, हिला ठाव व्हतं न् हिनं पन मला जळू दिलं. मग इचार केला, तू तरी कुठं जानार व्हतीस? भावाच्या दारात बसलेली पोरगी तू... नाय. आता नाय काय... अंगनवाडीतलं काम बरं चाललंय ना? ... बारीक झालीस का काय? आवाज बारीक येतो... हां. मी बरी हाय... हायत... तांदळाची भाकरी, सुकट... हां, एकाच खोलीत. कुठं जानार मी ह्या वयात? ... ये की. रविवारी ये. दुपारची गाडी हाय, तिनं ये. रातची ऱ्हा. दोघी बोलू. मला त्याचं बोलायचं हाय गो कुनाशी तरी, नुसतं त्याचं. मेला कसा, त्ये नको आता... हां. ये... ठेवते.

भागोजी : येनार बोलली?

गोदूबाई : रविवारी.

भागोजी : मला काय बोलली?

गोदूबाई : काय नाय.

भागोजी : इचारलं पन नाय माझं?

गोदूबाई : इचारलं. मामा कसं हायत, बोलली.

भागोजी : मग? तू काय सांगितलंस?

गोदूबाई : म्हटलं, हायत.